फ्लॅप आणि ‘स्टॉल’

सोनेगावचा विमानतळ प्रताप नगरपासून फार दूर नाही. उतरू लागलेल्या विमानाच्या पंखांची मागची कड खाली झुकलेली आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. ही झुकणारी पट्टी म्हणजे फ्लॅप. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला विमान कोसळून २६० माणसे दगावली, तेव्हा ‘फ्लॅप लावलेच नसतील’ असे जो तो छातीठोकपणे सांगत होता. मी कला शाखेचा विद्यार्थी. तरी या शब्दामागे आहे काय, हे पाहावेसे वाटले.

प्रथम ‘स्टॉल’. मोटार स्टॉल होते म्हणजे तिचे इंजिन बंद पडते. विमानाचे तसे नव्हे. इंजिन धडधडत असतानाही पंख स्टॉल होतो. समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन वाढवत नेला की उचल वाढत जाते. पण साधारण पंधरा-सोळा अंशांपुढे हवा पंखाची पाठ सोडते आणि उचल एकाएकी ढासळते. वेग मंदावला की वजन पेलण्यासाठी कोन वाढवावाच लागतो. म्हणून संथ विमान या सीमेच्या जवळ असते.

फ्लॅपने पंखाचा बाक वाढतो आणि त्याच वेगात अधिक उचल मिळते. शिकाऊ वैमानिकांच्या सेसना १५२ विमानात वेगदर्शकावर हे रंगांतच दिसते. हिरवी पट्टी ४० नॉटपासून सुरू होते, फ्लॅपची पांढरी ३५ पासून. म्हणजे ताशी सुमारे ७४ किलोमीटरऐवजी ६५. एवढ्या नऊ किलोमीटरांसाठी सारा खटाटोप! यात एक मेखही आहे. फ्लॅप खाली असता कमाल उचल वाढते, पण स्टॉलचा कोन थोडा अलीकडे येतो. शिवाय पहिल्या दहा-वीस अंशांत उचलीचा लाभ मोठा. पुढे मुख्यतः हवेचा रोध वाढतो. उतरताना तो हवाच असतो, चढताना जाच होतो. म्हणून उतरणे रद्द करून पुन्हा वर जायचे झाल्यास या विमानाचे फ्लॅप तीसवरून लगेच वीसवर आणतात आणि पुढे वेग वाढेल तसे टप्प्याटप्प्याने मिटतात. एकदम मिटले तर विमान खचते.

फ्लॅप न लावल्याने अपघात झालेले आहेत: १९८७ साली डेट्रॉइटला, २००८ साली माद्रिदला. माद्रिदला १५४ जण गेले. दोन्ही वेळा इशारा देणारी यंत्रणा मुकीच राहिली. अहमदाबादचा प्राथमिक चौकशी अहवाल जुलै २०२५ मध्ये आला. उड्डाणानंतर काही क्षणांतच दोन्ही इंजिनांच्या इंधनाच्या कळी ‘बंद’ स्थितीत गेल्याची नोंद त्यात आहे. फ्लॅपचा दांडा मात्र ५ अंशांवर, म्हणजे उड्डाणाच्या वेळी नेहमी असतो तेथेच, घट्ट बसलेला सापडला.