बॅलास्ट पाणी आणि बंदिस्त समुद्र

माल उतरविलेले जहाज पाण्यावर फार उंच तरंगते. त्याचा पंखा पुरेसा बुडत नाही आणि लाटांच्या माऱ्यात तोल सांभाळणे कठीण जाते. म्हणून बंदरातीलच पाणी त्याच्या टाक्यांमध्ये भरून घेतले जाते व पुढील बंदरात माल चढविताना ते सोडून दिले जाते. यास बॅलास्ट पाणी असे म्हणतात. या पाण्याबरोबर जिवाणू, शैवाल, अंडी आणि अळ्या यांचाही प्रवास घडतो. त्यांपैकी बहुतेक जीव मरतात. परंतु एखादा तगला आणि तेथे त्याचा भक्षक नसला, तर काय घडते हे काळ्या समुद्राने दाखविले आहे.

निमिऑप्सिस लायडी हा टिनोफोरा संघातील, जेलीफिशसारखा दिसणारा जीव मूळचा अमेरिका खंडांच्या अटलांटिक किनाऱ्यावरील. १९८२ मध्ये तो काळ्या समुद्रात आढळला. तो उभयलिंगी असून एकटा जीवही प्रजोत्पादन करू शकतो. प्राणिप्लवक आणि माशांची अंडी हे त्याचे खाद्य. १९८० च्या दशकाअखेर तेथील अँकोव्ही माशांची मासेमारी कोसळली. अतिमासेमारी व नद्यांतून येणारे प्रदूषण हीही त्यामागील कारणे होती, हे परीक्षार्थींनी विसरू नये; सर्व दोष एका जीवावर टाकणे शास्त्रीय ठरणार नाही. १९९७ मध्ये त्याला खाणारा बेरोई ओव्हाटा हा जीव काळ्या समुद्रात आढळला आणि निमिऑप्सिसची संख्या घटली. एका आगंतुकाला दुसऱ्या आगंतुकाने आवरले, हा केवळ योगायोग होय. त्यास व्यवस्थापन म्हणता येणार नाही.

कॅस्पियन समुद्राला महासागराकडे नैसर्गिक वाट नाही. मात्र १९५२ मध्ये खुल्या झालेल्या व्होल्गा-डॉन कालव्याने तो अझोव्ह व काळ्या समुद्रांशी जोडला गेला. १९९९ मध्ये निमिऑप्सिस तेथेही आढळला. किल्का या लहान माशाचे इराणमधील उत्पादन अवघ्या काही वर्षांत निम्म्याहून खाली आले. कॅस्पियन सील व बेलुगा स्टर्जन यांचे खाद्यही हाच मासा आहे.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा बॅलास्ट पाणी व्यवस्थापन करार २००४ मध्ये संमत झाला. अंमल मात्र ८ सप्टेंबर २०१७ पासून आला. किमान ३० देश व जागतिक व्यापारी जहाजांच्या टनभाराचा ३५ टक्के वाटा, ही अट पुरी होण्यास बारा वर्षांहून अधिक काळ लागला. करारातील पहिले मानक पाणी बदलण्याचे आहे : किनाऱ्यापासून २०० सागरी मैल दूर, ते शक्य नसल्यास ५० मैल दूर, आणि किमान २०० मीटर खोलीवर ९५ टक्के पाणी बदलावे. बंदिस्त समुद्रांची अडचण नेमकी येथेच आहे. काळ्या समुद्रात किनाऱ्यापासून २०० मैल दूर असे ठिकाणच नाही. अझोव्ह समुद्राची खोली तर जेमतेम १४ मीटर. तेथून कालव्याकडे वळणाऱ्या जहाजाने पाणी बदलावे तरी कोठे?

म्हणूनच दुसरे मानक महत्त्वाचे ठरते. ५० मायक्रोमीटर वा त्याहून मोठे जिवंत जीव सोडलेल्या पाण्याच्या प्रत्येक घनमीटरमध्ये दहापेक्षा कमी असावेत, असे ते सांगते. पटकीच्या जिवाणूंसह सूक्ष्मजंतूंवरही मर्यादा आहे. त्यासाठी जहाजावर गाळणी, अतिनील किरण किंवा क्लोरीन यांची प्रक्रिया करावी लागते. कराराखालील जहाजांसाठी या मानकाची अंतिम मुदत ८ सप्टेंबर २०२४ होती.

कराराच्या पूर्वतयारीसाठी २००० मध्ये सुरू झालेल्या ग्लोबॅलास्ट प्रकल्पात भारत, इराण व युक्रेनसह सहा देश होते. भारतातील प्रायोगिक बंदर मुंबई हे होते. जहाजाच्या तळाला चिकटून येणारे शिंपले व इतर जीव मात्र या कराराच्या कक्षेत येत नाहीत.