इंजिन ठरव, मग पाइप काप

बाळा, घरी बांधायच्या गाडीचं वहीत काढलेलं बॉनेट सुरेख आहे. भाईंदर पूर्वेला लेथवाला, वेल्डिंगवाला हाकेवर, त्यामुळे हात शिवशिवतात तेही कळतं. तरी इंजिन ठरेपर्यंत चॅसीचा पाइप कापू नकोस.

१. आधी अलिबागकडे बघ. तिथल्या चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हनच्या वळणाची रोडस्टर बांधली आणि तिला इसुझुचं १८१७ सीसीचं इंजिन दिलं — अ‍ॅम्बॅसडर, कॉन्टेसात हेच बसायचं, म्हणजे मागची चाकं फिरवणारी जोडणी तयारच होती.

२. इंजिन मूळ गाडीत कसं बसलं होतं ते विचार — जिप्सी, ईकोचं लांबीत बसतं, गिअरबॉक्ससकट उचलता येतं. जिप्सीत तर ट्रान्सफर केस वेगळी असते, ती काढली की प्रॉपेलर शाफ्ट सरळ मागे नेता येतो. स्विफ्टचं आडवं इंजिनच मनात भरलं असेल, तर ते सीटमागे बसव.

३. अश्वशक्ती सांगायला, वजन ओढायला — जिप्सीच्या १२९८ सीसीची सुमारे ८० अश्वशक्ती हलक्या गाडीला पुष्कळ झाली. जड डिझेल पुढे ठेवलंस, तर वळणावर नाक आत यायलाच तयार होत नाही.

४. मोटारसायकलचं इंजिन हलकं खरं, पण त्याला रिव्हर्स नसतो — गल्लीतून गाडी मागे कोण ढकलणार, ते आईला आधी विचारून ठेव.

५. कुर्ल्याला जुनं इंजिन घेशील तेव्हा ईसीयू, वायरिंग, इमोबिलायझर आणि चावी एकाच गाडीची उचल — यांची ओळख एकमेकांशीच असते, परक्या चावीला इंजिन दाद देत नाही. सुटं घ्यावं नि सुट्टीभर शोधावं.

६. पैसे देण्याआधी ऑइलचं झाकण उघडून आतून बोट फिरव. दुधाळ, कॉफीसारखी साय लागली तर गोड बोलून निघ — बहुतेक वेळा ते ऑइलमध्ये शिरलेलं पाणी असतं. मग प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घे. आकडे एकमेकांच्या जवळ हवेत.

७. पक्कं बिल घे आणि इंजिन नंबर स्वतः वाचून त्याच्याशी ताडून बघ — चोरीचा माल निघाला तर दुकानदाराआधी तुला बोलावतील.

८. प्लायवूडचा साचा करून जागा माप — आपलं स्टिअरिंग उजवीकडे, आणि एक्झॉस्टही उजवीकडे निघत असेल तर दोघांची टक्कर होते. ऑइलचा संप चॅसीच्या खाली लोंबत नाही ना, तेही बघ; नाहीतर पहिल्याच स्पीडब्रेकरला ऑइल रस्त्यावर.

९. इंजिन आणलंस की त्याची सगळी भोकं बंद कर, सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोड — खाडीची खारी हवा लोखंडाला सोडत नाही.

१०. घरी बांधलेल्या गाडीला चाचणी होऊन मंजुरी मिळाल्याशिवाय नंबर मिळत नाही, आणि ती चाचणी एकट्याच्या खिशाला झेपणारी नाही. तेव्हा ही गाडी ट्रॅकवरच चालवायची असं आजच ठरव, आणि इंजिन बघायला जाशील तेव्हा मला फोन कर, मी येतो.