अपयशाचे भय आणि गीतेची चतुःसूत्री

गणेशोत्सव आणि इलेव्हन प्लस या दोन गोष्टी आपल्या भागात दरवर्षी साधारण एकाच सुमारास येतात. इकडे मखराची तयारी चाललेली असते आणि त्याच घरातले दहा वर्षांचे मूल डायनिंग टेबलाशी घड्याळ लावून सराव प्रश्नपत्रिका सोडवत असते. हॅरो बरोमध्ये सरकारी ग्रामर स्कूल नाही, त्यामुळे स्टॅनमोरची मुले बार्नेटकडे नाहीतर बकिंगहॅमशायरकडे डोळे लावून बसतात. जागा शे-दोनशे आणि परीक्षेला बसणारी मुले हजारांत. म्हणजे बहुतेकांना प्रवेश मिळणार नाही, हे गणित पेपर सुटण्याआधीच ठरलेले असते. तरीही आरतीच्या वेळी आपण सगळे पालक डोळे मिटून बाप्पाकडे तेच एक मागणे मागतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या धाकट्याचा निकाल ऑक्टोबरमध्ये आला. नंबर लागला नव्हता. खरे सांगायचे तर त्याच्यापेक्षा मलाच ते जास्त लागले. त्या वर्षी दिवाळीच्या कार्यक्रमाला आम्ही गेलो नाही. कारण सर्दी-तापाचे सांगितले, खरे कारण एवढेच की हॉलमध्ये शिरल्याबरोबर कोणीतरी "काय मग, कुठे मिळाली?" असे विचारेल, याची मला धास्ती वाटत होती. मुलगा काही बोलला नाही. पण पुढच्या दोन-तीन आठवड्यांत त्याने बुद्धिबळाच्या स्पर्धेतून नाव काढून घेतले, शाळेच्या नाटकात काम करायला नकार दिला आणि वर्गात हात वर करणेही बंद केले. "मला त्यात इंटरेस्ट नाही," असे तो म्हणायचा. तेव्हा मला समजले की परीक्षेपेक्षा मोठे नुकसान आता होऊ लागले आहे आणि त्याला दिवाळीला घरी बसायला शिकवणारी मीच आहे.

याच सुमारास आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गासाठी मी लोकमान्य टिळकांवर टिपण काढत होते. टिळक लंडनमध्ये ज्या घरात राहिले ते पाहून यावे म्हणून एका शनिवारी मुलाला बरोबर घेतले. स्टॅनमोरहून ज्युबिली लाइनने बेकर स्ट्रीट, तिथून बेकरलू लाइनने वॉरिक अव्हेन्यू. तिथून चालत गेले की हाउली प्लेस लागते. दहा नंबरच्या घरावर निळी गोल पाटी आहे. लंडन काउंटी कौन्सिलने ती १९६१ साली लावली. लोकमान्य टिळक, हिंदी देशभक्त आणि तत्त्वज्ञ, १९१८-१९१९ मध्ये येथे राहत होते, अशा अर्थाचा मजकूर तिच्यावर आहे.

मुलाने विचारले, "आई, ते इथे कशाला आले होते?" मी सांगितले, एका माणसावर खटला भरला होता. "मग जिंकले?" नाही, हरले. तो थोडा वेळ पाटीकडे पाहत राहिला. म्हणाला, "हरले, तरी पाटी?"

या प्रश्नाचे नीट उत्तर मला तिथे देता आले नाही. हा लेख म्हणजे ते उशिरा दिलेले उत्तर समजा.

त्या खटल्याची हकिकत थोडक्यात अशी. टाइम्स पत्राचे व्हॅलेंटाइन चिरोल यांनी १९१० साली 'इंडियन अनरेस्ट' हे पुस्तक प्रसिद्ध केले. हिंदुस्थानातल्या असंतोषाचे जनक टिळक, असा त्याचा रोख होता. आणि आपला गणेशोत्सव, शिवजयंतीचा उत्सव, तालमी या सगळ्यांची सांगड राजकीय खुनांशी घातली होती. टिळक त्या वेळी मंडालेच्या तुरुंगात होते, त्यामुळे उत्तर द्यायला जागाच नव्हती. १९१४ मध्ये सुटून आल्यावर त्यांनी चिरोलवर बदनामीचा दावा लावला आणि त्यासाठी १९१८ च्या ऑक्टोबरअखेर ते लंडनला पोचले. वय बासष्ट, मधुमेह जडलेला, आणि परका हिवाळा. १९१९ च्या जानेवारी महिन्याच्या शेवटी न्यायमूर्ती डार्लिंग यांच्यापुढे काम सुरू झाले. टिळकांच्या बाजूने सर जॉन सायमन, तर चिरोलच्या बाजूने सर एडवर्ड कार्सन असे नामांकित बॅरिस्टर उभे होते. फेब्रुवारीत ज्यूरीने चिरोलच्या बाजूने निकाल दिला. दाव्याचा खर्चही टिळकांवर पडला आणि तो लाखांच्या घरात गेला. पुढे लोकांनी वर्गणी काढून तो बोजा हलका केला.

म्हणजे हे अपयश आपण रोजच्या बोलण्यात वापरतो तसले किरकोळ नव्हते. पैसा गेला, नाव धुऊन निघण्याऐवजी शिक्कामोर्तब झाल्यासारखे झाले, आणि हे सारे साम्राज्याच्या राजधानीत, वर्तमानपत्रांच्या पहाऱ्यात घडले. टिळक पुढच्या बोटीने परत जाते तर कोणी बोल लावला नसता. पण ते लगेच परतले नाहीत. मार्च महिन्यात त्यांनी पॅरिसच्या शांतता परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना हिंदुस्थानच्या स्वयंनिर्णयासंबंधी पत्र धाडले. मजूर पक्षाच्या मंडळींशी संबंध जोडले. होमरूलसाठी सभांतून बोलले. आणि ऑगस्टमध्ये नव्या सुधारणा कायद्याचा विचार करणाऱ्या पार्लमेंटच्या संयुक्त समितीपुढे साक्ष दिली. नोव्हेंबरअखेर ते मुंबईला उतरले. बारा-तेरा महिन्यांच्या मुक्कामात निकालानंतरचे महिने अधिक आहेत, हे तारखा मांडून पाहिले की ध्यानात येते. पाटी त्या सगळ्या मुक्कामाची आहे.

आता गीतेकडे वळू. याच टिळकांनी मंडालेला १९१०-११ च्या हिवाळ्यात पेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहून काढले आणि ते १९१५ साली छापून निघाले. दुसऱ्या अध्यायातला सत्तेचाळिसावा श्लोक आपल्याला पाठ असतो. निदान त्याचे पहिले दोन चरण तरी. त्या श्लोकाच्या चार चरणांना टिळक कर्मयोगाची चतुःसूत्री म्हणतात आणि एका चरणातून उठणारी शंका पुढचा चरण कशी मिटवतो ते दाखवतात. कर्म करणे एवढाच तुझा अधिकार, हा पहिला. मग कर्माला फळ लागतेच, तेव्हा फळही माझेच की, असे कोणी म्हणेल. म्हणून दुसरा चरण सांगतो की फळावर तुझा अधिकार नाही. तिसरा म्हणतो, फळ मनात धरून कर्म करणारा होऊ नकोस. इथपर्यंत आल्यावर माणूस साहजिकच म्हणेल, फळ हाती नाही तर करायचेच कशाला? त्याला उत्तर चौथ्या चरणात आहे: कर्म न करण्याचीही ओढ धरू नकोस.

आपण मुलांना पहिले दोन चरण ऐकवतो आणि थांबतो. "तू फक्त प्रयत्न कर, निकालाचे बघू नकोस." मुले हुशार असतात, निकालाचे कोण बघत आहे हे त्यांना चेहऱ्यावरून कळते. पण अपयशाच्या भयाचे खरे औषध मला चौथ्या चरणात सापडले. भय माणसाला थेट रडवत नाही, ते त्याला शहाणपणाचे सोंग शिकवते. बुद्धिबळ कंटाळवाणे वाटू लागते, नाटक बालिश वाटू लागते. जो बसलाच नाही तो नापास होत नाही, हा त्यातला हिशेब. अर्जुनाने पहिल्या अध्यायात धनुष्य खाली ठेवले तेव्हा त्याच्याजवळही उत्तम कारणे होती.

अठराव्या अध्यायात (श्लोक चौदावा) आणखी एक उपयोगी गोष्ट आहे, जिच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. कोणतेही कार्य घडायला पाच कारणे लागतात, असे तिथे म्हटले आहे: अधिष्ठान म्हणजे जागा, कर्ता, करणे म्हणजे साधने, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे हालचाली-खटपटी, आणि पाचवे दैव. टिळकांच्या खटल्याला हे लावून पाहा. जागा लंडनची आणि ज्यूरी इंग्रज, तीही महायुद्ध नुकतेच जिंकलेली. साधनांपैकी कागदपत्रांच्या बाबतीत सरकार चिरोलच्या मदतीला होते. पण कर्ताही यादीत आहे; हा दावा इंग्लंडात लावण्याचा निर्णय स्वतः टिळकांचा होता, आणि तो चुकला असे म्हणायला हरकत नाही. ही यादी सगळा दोष कर्त्यावर टाकत नाही आणि त्याला मोकळेही सोडत नाही, म्हणून मला ती आवडते.

घरी एका संध्याकाळी आम्ही कागद घेऊन मुलाच्या परीक्षेचे असेच पाच भाग केले. इंग्रजी शब्दसंग्रह कमी पडला, हे त्यानेच लिहिले. त्या सकाळी पोट दुखत होते, हेही. वेळेच्या सरावाला आम्ही फार उशिरा लागलो, हे मी लिहिले. मग तो म्हणाला, "आणि माझ्यापेक्षा चांगली मुलं पण होती ना, आई." हे वाक्य मला महिनाभर उच्चारता आले नव्हते. तो कागद भरायला अर्धा तास लागला असेल, पण त्यानंतर घरात त्या परीक्षेचे नाव मोठ्याने घेता येऊ लागले.

पुढे त्याचे काय झाले, असे लोक विचारतात. तो जवळच्या साध्या शाळेत गेला. बुद्धिबळात पुन्हा नाव दिले आणि पहिल्या वर्षी बहुतेक डाव हरला. आता बरा शिकतो आहे, पण ते मी पुरावा म्हणून सांगत नाही. शेवटी यश मिळाले म्हणून अपयश चालेल, असे म्हटले की आपण पुन्हा फळापाशीच येऊन पोचतो.

अर्जुनालाही ही शंका होतीच. सहाव्या अध्यायाच्या शेवटाकडे तो विचारतो, श्रद्धेने सुरुवात केली पण मध्येच मन ढळले आणि सिद्धी मिळाली नाही, तर तो माणूस फाटलेल्या ढगासारखा दोन्हीकडून जातो का? हा प्रश्न मला सबंध गीतेत सर्वांत जवळचा वाटतो, कारण त्यात युद्ध नाही, राज्य नाही; अर्धवट राहिलेल्या कामाची भीती आहे. श्रीकृष्ण त्याला "बाबा" म्हणून लडिवाळपणे हाक मारतो आणि सांगतो की चांगले करू पाहणाऱ्याचा नाश इथेही नाही आणि पुढेही नाही. जिथे काम सुटले तिथूनच तो पुन्हा उचलतो. ही गोष्ट जन्मांतराची आहे हे खरे. पण टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत गेले तेव्हा स्वराज्य सत्तावीस वर्षे दूर होते, आणि काम कोणीतरी उचललेच.

असो. आपल्या मंडळाला एक सुचवावेसे वाटते. यंदाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात सहावीतल्या मुलांना कोणीही निकाल विचारू नये; विचारायचेच असेल तर सध्या काय वाचतोस ते विचारावे. आणि हाउली प्लेसला मुलांना घेऊन जरूर जावे. शनिवारी सकाळी गेलात तर गाडीत बसायला जागा मिळते. घर खाजगी आहे, तेव्हा बेल वाजवू नये. पाटी रस्त्यावरूनही छान वाचता येते.