हवे आहेत : नेमके लिहिणारे

कॉम्प्युटरकडे जायचे म्हणजे कोडिंग शिकायचे, हा समज घरोघरी पक्का आहे. आता कोडही एआय लिहू लागल्यामुळे चार वर्षांची फी भरून मुलांनी शिकायचे तरी काय, अशी धास्ती पालकांनी घेतली आहे. अशा वेळी आजवर दुय्यम मानल्या गेलेल्या एका कामाचा विचार करायला हवा. ते काम म्हणजे डॉक्युमेंटेशन : एखादे टूल काय करते, काय करत नाही आणि कसे वापरायचे, हे लिहून ठेवणे. सॉफ्टवेअर तयार झाल्यावर घाईघाईने उरकायचे काम अशीच त्याची ख्याती होती. टूल वापरून स्वतःच काम पार पाडणारे एआय एजंट आल्यापासून मात्र हे लिखाण टूलच्या कामाचाच भाग झाले आहे. म्हणून विषयाची जाण आणि नेमकी भाषा या दोन्ही गोष्टी असलेल्या विद्यार्थ्याला इथे चांगला वाव आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, ही खुली पद्धत जाहीर केली. तिच्यामुळे एआय सहायकाला बाहेरचे सॉफ्टवेअर जोडता येते. झिरोधा या शेअर ब्रोकर कंपनीने २०२५ मध्ये याच पद्धतीने ग्राहकांना आपला पोर्टफोलिओ एआयकडून पाहून घेण्याची सोय दिली. या व्यवस्थेत टूलचे नाव, त्याचे वर्णन आणि त्याला कोणती माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची याचा आराखडा एजंटपुढे ठेवला जातो. एरवी आतला कोड त्याला दिसत नाही. वर्णन वाचूनच तो कोणते टूल कधी वापरायचे ते ठरवतो. माणूस मॅन्युअल न वाचता बटणे दाबून पाहतो आणि अडलाच तर कस्टमर केअरला फोन लावतो. एजंटला जे लिहून दिलेले नसते ते तो बहुधा अंदाजाने भरून काढतो, आणि तेही मोठ्या आत्मविश्वासाने.

‘पोर्टफोलिओची किंमत सांगते’ एवढेच वर्णन लिहिले तर काय होईल, ते पाहू. सोमवारी सकाळी ११ वाजता ग्राहक एजंटला विचारतो, ‘माझी गुंतवणूक आता किती झाली?’ शेअरचे भाव सव्वानऊपासून हलत असतात, त्यामुळे ते त्या क्षणाचे मिळतात. म्युच्युअल फंडाची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, मात्र दिवसातून एकदाच, बाजार बंद झाल्यावर ठरते. म्हणून सोमवारी सकाळी हाती असते ती शुक्रवारची. दोन्ही आकडे मिळवून एजंट ‘आत्ताची किंमत’ सांगून मोकळा होतो, आणि ग्राहकाला त्यातला घोळ कळतही नाही. दुसरा प्रसंग लॉगिनची मुदत संपल्याचा. त्या वेळी टूल स्पष्ट त्रुटी कळवते की नुसती रिकामी यादी देते, हे लिहिलेले नसेल तर एजंट ‘तुमच्या खात्यात काहीच शिल्लक नाही’ असेही सांगू शकेल. चांगला लेखक इथे भावाची तारीख, रक्कम रुपयांत की पैशांत, किंमत बाजारभावाने की खरेदीच्या दराने, आणि हे टूल फक्त पाहते की खरेदी-विक्रीही करते, हे सगळे चार ओळींत बसवतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : हे वर्णनही एआयच लिहील की! लिहील, आणि भाषाही सफाईदार असेल. पण कोड वाचून कोड काय करतो एवढेच कळते. त्याने काय करायला हवे होते, हे कंपनीतल्या माणसांना विचारावे लागते. रिकाम्या यादीचा अर्थ काय धरायचा, हा निर्णय कोणीतरी घ्यावा लागतो आणि तो खरोखर अमलात आला का, हे टूल चालवून पाहावे लागते. हे विचारणे आणि पडताळणे हाच या कामाचा गाभा आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : अशा नोकऱ्या आहेत तरी किती? अमेरिकेतील सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन ही तांत्रिक लेखकांची अनेक दशके जुनी संघटना जानेवारी २०२५ मध्ये बंद झाली. तेव्हा केवळ सुबक इंग्रजीच्या जोरावर इथे निभाव लागेल, असे आश्वासन कोणी देऊ नये. हे कौशल्य दुसऱ्या एखाद्या ज्ञानाला जोडूनच घ्यावे. टेस्टिंग, प्रॉडक्ट सपोर्ट, एपीआय डॉक्युमेंटेशन अशा कामांत ही जोड उपयोगी पडते. बी.कॉम.च्या विद्यार्थ्याला एनएव्ही, सेटलमेंट, सरासरी खरेदी दर या गोष्टी आधीच ठाऊक असतात. जेसन (JSON) या स्वरूपातली माहिती वाचणे, फाइलमधील बदलांची नोंद ठेवणारे गिट आणि मजकुराच्या मांडणीसाठीचे मार्कडाउन तो काही महिन्यांत शिकू शकतो. मराठी माध्यमाचाही बाऊ करू नये. छोटी वाक्ये, एका गोष्टीला सगळीकडे एकच शब्द आणि पायऱ्यांचा बिनचूक क्रम एवढेच इंग्रजी इथे लागते. प्रयोगवहीत साहित्य, कृती, निरीक्षण आणि अनुमान वेगवेगळे लिहिणाऱ्याला ही शिस्त परकी वाटणार नाही.

सुरुवातीला महागडा क्लास लावू नका. गूगलचे तांत्रिक लेखनाचे अभ्यासक्रम मोफत आहेत. त्यानंतर म्युच्युअल फंडांची संघटना ॲम्फी रोजच्या एनएव्हीची जी फाइल सर्वांसाठी खुली ठेवते, ती घ्या. तिच्यातून एका योजनेची एनएव्ही शोधणारे छोटे टूल मित्राच्या किंवा एआयच्या मदतीने बनवा आणि त्याचे डॉक्युमेंटेशन स्वतः लिहा. स्वतःचे किंवा आईवडिलांचे डिमॅट खाते या प्रयोगात अजिबात वापरू नका. मग एजंटला तेच दहा प्रश्न आधी एका ओळीच्या वर्णनावर आणि नंतर सविस्तर वर्णनावर विचारून उत्तरे शेजारी शेजारी मांडा. मुलाखतीला जाताना पदवीच्या प्रमाणपत्राबरोबर हा तक्ताही न्या. आपल्या लिहिण्याने नेमका काय फरक पडला, हे त्यातून समोरच्याला थेट तपासता येईल.