जुना मोबाईल हिशेबाला लावा

धाराशिव, परंडा, उमरग्याच्या दुकानांतून जुने मोबाईल गल्ल्याच्या खणात पडून असतात. लिनक्स या मुक्त प्रणालीवर ते पुन्हा कामाला येऊ शकतात. २०१७ मध्ये सुरू झालेली ‘पोस्टमार्केटओएस’ याचसाठी आहे. २०१८ साली भारतात आलेल्या पोको एफ१ वर ती चालते. उधारी, मालाची यादी त्यात ठेवता येते.

मात्र कॅमेरा व कॉलचे काम अद्याप कच्चे आहे. यूपीआयसाठी तर त्यावर विसंबूच नये. रोजचा फोन वेगळा ठेवावा. प्रणाली बदलताना आतले सर्व पुसले जाते; म्हणून गिऱ्हाइकांचे नंबर व हिशेब आधी उतरवून घ्यावेत. ती अमानत आहे. बॅटरी फुगलेला फोन वापरू नये. एवढे सांभाळले तर इस्राफ टळेल, खर्चही वाचेल.