परक्यांचें घर आपलें कसें होतें?
(पाठ: रूथ १ ते ४, १ तीमथ्य ५:१-८)

वेवजीकडील एका पाड्यावर आम्ही एका वृद्ध बाईस भेटावयास गेलों होतों. तिचे मुलगे कामासाठीं उंबरगांव व वापीकडे राहतात. मंडळीनें जमविलेले तांदूळ आम्हीं तिच्यापुढें ठेविले, प्रार्थना केली आणि निघालों. तेव्हां ती म्हणाली, "पाळकबाबा, तांदूळ पुष्कळ झाले. घटकाभर बसा ना!" आम्ही बसलों खरे, परंतु मनांत लाजलों. आम्हीं तिला धान्य दिलें होतें. तिला माणूस हवें होतें.

प्रिय वाचकहो, जेथें रक्ताचें नातें नाहीं, तेथें सेवा करणारे व सेवा घेणारे एका कुटुंबाचे कसे होतात, ह्याचा विचार आज करूं. ह्याचें एक ठळक उदाहरण पुणें जिल्ह्यांतील केडगांव येथें आहे.

पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईत शारदासदन स्थापिलें व पुढच्या वर्षीं तें पुण्यास नेलें. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्यांनीं मध्य प्रांतांतून उपाशी मुली व स्त्रिया आणिल्या, आणि त्यांच्यासाठीं केडगांव येथें मुक्तिसदन उभें राहिलें. पुढें गुजराथेंत दुष्काळ पडला. तेव्हां हें कुटुंब वाढत वाढत १९०० सालच्या सुमारास जवळ जवळ दोन हजारांचें झालें. इतक्यांना सांभाळावयास पगारी माणसें कोठून आणावीं? शारदासदनांतल्या मोठ्या मुली पुढें आल्या. कालपर्यंत ज्यांना आश्रय मिळाला होता, त्यांनींच नव्या मुलींना न्हाऊंमाखूं घातलें व शिकविलें. पुढें दुष्काळांत आलेल्या मुलींतूनही शिक्षिका व छापखान्यांत काम करणाऱ्या निघाल्या.

ह्यांतून तीन गोष्टी शिकावयाच्या आहेत.

पहिली: घेणाऱ्यास देणारा होऊं द्यावें. एक नेहमीं देतो व दुसरा नेहमीं हात पसरतो, तेथें उपकार होतो, कुटुंब होत नाहीं.

दुसरी: दुबळ्यासही कामाचा मान द्यावा. मुक्तिसदनांत आंधळ्या स्त्रियांना मनोरमाबाईंनीं बोटांनीं वाचावयाची ब्रेल लिपि शिकविली. ज्यांना लोक भार म्हणत, त्या वाचूं लागल्या व हातांनीं कामही करूं लागल्या.

तिसरी: शक्ति सरली तरी घरांतील जागा जाऊं नये. वृद्ध व अशक्त स्त्रियांसाठीं तेथें प्रीतिसदन होतें. जिच्याकडून काम होत नाहीं, तीही घरचीच.

शास्त्रांतील नामीचें उदाहरण पाहा. ती म्हातारी रिकाम्या हातांनीं परतली आणि परक्या जातीची सून तिच्यासाठीं शेतांत सरवा वेंचीत असे. परंतु नामी नुसती बसून खाणारी नव्हती. आप्त कोण, रीत काय, कोणत्या वेळीं काय करावें, हें तीच जाणत होती. तिच्या सल्ल्यानेंच घर पुन्हा वसलें, आणि शेवटीं नातू तिच्या मांडीवर आला. रूथेचे हात व नामीचें शहाणपण मिळून तें कुटुंब झालें.

तथापि कोणी ह्याचा विपरीत अर्थ करूं नये. वृद्धांस आईबापांप्रमाणें मानावें असें पौल तीमथ्यास शिकवितो, आणि त्याच अध्यायांत स्वतःच्या घरच्यांची काळजी न घेणाऱ्याचा कडक निषेधही करितो. आपल्या देशांत २००७ सालच्या कायद्यानेंही आईबापांचें पोषण करणें मुलांवर बंधनकारक केलें आहे; त्यासाठीं न्यायाधिकरणाकडे अर्ज करितां येतो. निराधारांसाठीं प्रत्येक जिल्ह्यांत निदान १५० जणांच्या सोयीचा वृद्धाश्रम असावा, अशीही त्यांत तरतूद आहे. मात्र कायदा भाकरी मिळवून देईल. शेजारीं बसावयास तो कोणास लावूं शकत नाहीं. आणि तोंडानें "आजी" म्हणून तिला न विचारतां तिचें सामान हालविणें, तिच्या देखत तिच्याविषयीं दुसऱ्याशीं बोलणें, हें कांहीं नातें नव्हे.

पुढच्या खेपेस आम्हीं त्या बाईपाशीं पाड्यावरचीं चार मुलें नेलीं. पावसाळ्याचा आरंभ होता. कोणती रानभाजी खावी, कोणती टाळावी, आणि शेवळें खाजूं नयेत म्हणून त्यांत काकड कशीं घालावीं, हें तिनें मुलांना दाखविलें. मग आमच्याकडे वळून म्हणाली, "बाबा, तुम्ही रिकामे बसलांत, तें कौल सरकलें आहे, तेवढें नीट करा." आम्हीं निमूटपणें वर चढून कौल बसविलें. पाहुण्यास कोणी काम सांगत नाहीं, घरच्यास सांगतात.

मंडळींत विचारावयाचे प्रश्न:
१. आपल्या पाड्यावर एकटें कोण राहतें? मागच्या आठवड्यांत तेथें कोण बसलें?
२. त्या माणसास काय येतें? तें आपण त्याच्याकडून शिकलों काय?
३. आपले स्वतःचे आईबाप आपल्या भेटीची वाट पाहत आहेत काय?