पोकलेनचे इंजिन खरेच तापले की सेन्सर खोटे बोलतो?

एप्रिल-मे महिन्यात खानदेशात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि नेमक्या याच दिवसांत पोकलेनला सर्वांत जास्त काम असते. नाले कोरडे असतात, पावसाळ्याआधी ते खोल करून घ्यायचे असतात. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले खोल व रुंद करून बंधारे बांधण्याचे मोठे काम झाले, तेही याच यंत्रांच्या जोरावर. (पोकलेन हे मुळात एका फ्रेंच कंपनीचे नाव. एल अँड टी कंपनीने तिची यंत्रे भारतात बनविली आणि ते नाव आपल्या बोलीत सर्वच कंपन्यांच्या यंत्रांना चिकटले.) अशा ऐन हंगामात केबिनमध्ये लाल दिवा लागतो, बझर वाजतो आणि मालकाचा फोन येतो, “मिस्त्री, सेन्सर बदलून टाका, यंत्र उभे राहायला नको.”

इथेच आपल्या कारागीर बांधवांनी थोडे थांबावे. सेन्सर चांगला असताना बदलला तर ग्राहकाचा पैसा वाया जातो, एवढेच नुकसान. पण इंजिन खरोखर तापलेले असताना “सेन्सरच खराब” म्हणून यंत्र चालू ठेवले, तर हेड गॅस्केट जाते, हेडला तडा जातो आणि पूर्ण इंजिन उतरवावे लागते. म्हणून पहिला प्रश्न हाच, की पाणी खरेच तापले आहे काय?

याचे उत्तर मीटरवरून नव्हे, इंजिनवरून घ्यावे. थर्मल गन आता बाजारात सहज मिळते. थर्मोस्टॅटच्या घरावर काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर गन धरा. चकचकीत अॅल्युमिनियमवर ती कमी तापमान दाखविते. बाहेरील धातू आतल्या पाण्यापेक्षा काही अंश थंड असतो, हेही लक्षात ठेवा. मीटर १०५ दाखवीत असेल आणि गन ८२-८५, तर संशय सेन्सरवर किंवा वायरिंगवर घ्यावा. दोन्ही जवळपास सारखेच असतील, तर सेन्सर इमानदार आहे. मग रेडिएटरच्या जाळीत भरलेली धूळ व वाळलेले गवत, फॅन बेल्ट, वॉटर पंप, थर्मोस्टॅट आणि झाकण तपासा. गरम असताना झाकण उघडू नका. दाबाखाली पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, परंतु झाकण सैल होताच ते भसकन उसळते आणि तोंड-हात भाजून निघतात.

आता सेन्सरकडे वळू. नव्या यंत्रांत दोन पिनांचा सेन्सर असतो. पाणी तापले की त्याचा रोध कमी होतो, थंड झाले की वाढतो. कंट्रोलर त्याला ५ व्होल्ट देतो आणि परत येणाऱ्या व्होल्टेजवरून तापमान ठरवितो. एवढे नीट समजले, तर निम्मे निदान झाले. वायर तुटली की रोध अनंत होतो आणि कंट्रोलरला वाटते की पाणी उणे ४० अंश आहे. वायर घासून बॉडीला टेकली की व्होल्टेज शून्यावर येते आणि इंजिन भयंकर तापल्याचे दिसते. कमिन्स इंजिनात व्होल्टेज जास्त असल्याचा दोष क्रमांक १४४ आणि कमी असल्याचा १४५ येतो. १५१ आला तर मात्र तो सर्किटचा दोष नव्हे, पाणीच फार तापल्याची सूचना आहे. हे तीन क्रमांक एकाच समजून सेन्सर बदलणारे पुष्कळ आहेत.

तपासणी अशी करा. चावी चालू ठेवून सेन्सरचा कनेक्टर काढा. आकडा एकदम थंडीकडे गेला पाहिजे. मग कनेक्टरच्या दोन पिना बारीक वायरने जोडा. आकडा पूर्ण गरमकडे गेला पाहिजे. दोन्ही झाले तर वायरिंग व कंट्रोलर ठीक, दोष सेन्सरचा. कनेक्टर काढूनही आकडा गरमच राहिला, तर वायर कुठेतरी टेकली आहे. बहुधा ती इंजिनला बांधलेल्या क्लिपखाली किंवा सायलेन्सरजवळ सापडते. ही यंत्रे २४ व्होल्टची आहेत, म्हणून कंट्रोलरच्या वायरवर टेस्ट लॅम्प कधीही लावू नये, मल्टिमीटरच वापरावा. वायरच्या कवचात सुई टोचूनही पाहू नये. त्या छिद्रातून पाणी शिरते आणि पुढच्या पावसाळ्यात तांबे हिरवे पडते.

सर्वांत घातक दोष मात्र वेगळाच आहे. कनेक्टरच्या पिनेवर गंज चढला, की रोध थोडाच वाढतो. दिवा लागत नाही, दोष क्रमांक येत नाही, मीटर फक्त खऱ्यापेक्षा कमी तापमान दाखविते. ऑपरेटर निश्चिंत असतो आणि इंजिन आतून भाजत असते. पाणी कमी झाल्यावरही हेच होते. सेन्सरचे टोक पाण्याऐवजी हवेत लटकते आणि आकडा खाली येतो. हे पकडण्याची सोपी वेळ म्हणजे सकाळ. रात्रभर उभे असलेले यंत्र चालू करण्यापूर्वी चावी फिरवून पाण्याचा आकडा पाहा. तो बाहेरच्या हवेएवढाच असला पाहिजे. हवा २८ आणि पाणी १० दिसत असेल, तर पिना साफ करा.

सेन्सर काढलाच असेल तर पातेल्यात पाणी तापवून तपासा. सेन्सर तळाला टेकू न देता दोरीने लटकवा, सोबत ११० अंशांपर्यंतचा प्रयोगशाळेतील थर्मामीटर ठेवा. (तापाचा थर्मामीटर इथे फुटेल.) एका प्रचलित जातीच्या सेन्सरचा रोध २० अंशांवर सुमारे २,५०० ओहम आणि ८० अंशांवर सुमारे ३२० ओहम असतो. पण कोमात्सूसारख्या कंपन्यांचे आकडे याहून फार मोठे, किलो-ओहममध्ये असतात. म्हणून त्या यंत्राचाच तक्ता पाहावा. आटे सारखे बसले म्हणून सेन्सर तोच असे नाही.

जुन्या यंत्रांत एकाच वायरचा सेन्सर असतो आणि अर्थ बॉडीतून मिळतो. त्याच्या आट्यांना पांढरी टेप भरपूर गुंडाळली, की अर्थ तुटतो आणि काटा थंडच राहतो. टेप काढा, दोष गेला.

बकेटचे दात वेल्डिंग करताना बॅटरीच्या वायरी काढाव्यात आणि अर्थचा चिमटा कामाच्या अगदी जवळ लावावा. आणखी एक गोष्ट, रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी भरू नका. आपल्याकडचे जड पाणी सेन्सरच्या टोकावर क्षाराचा थर चढविते, मग उष्णता उशिरा पोचते आणि काटाही उशिरा हलतो. असा सेन्सर पातेल्यात तपासताना बरोबर आकडे देईल, फक्त सावकाश. तेव्हा घड्याळही जवळ ठेवा.